रुक्मिणीबाईंना जाणारे मेल

‘प्रिय रुक्मिणी, डोळे तपासून वर्ष झालं. आम्ही तुमची वाट पाहतो आहोत.’ मेल इंग्रजीत होता. खाली चष्म्याच्या फ्रेमवर सवलत असल्याचं चित्र होतं. त्याला आलेलं उत्तरही इंग्रजीतच होतं, अगदी थोडक्यात. माझी पत्नी वारली आहे. हे मी तुमच्या पानावर पुन्हा पुन्हा कळवलं आहे. तिला बोलावणं बंद करा. खाली नाव होतं, आर. रघुनाथ राव, नुंगंबाक्कम, आणि एक फोन नंबर.

मेल पाठवणारं हॉस्पिटल डोळ्यांचं. चेन्नईत त्याच्या बऱ्याच शाखा आहेत, नाव सांगत नाही. त्यांच्या पेशंटना जाणारे सगळे मेल आमची कंपनी सांभाळते. आम्ही शोळिंगनल्लूरला एका आयटी पार्कमध्ये बसतो. मी मूळची इचलकरंजीची, नोकरीसाठी इकडे आले आणि राहिले. माझं काम म्हणजे सीआरएम. कोण माणूस, त्याचा पत्ता काय, त्याला कुठला मेल जावा आणि कुठला जाऊ नये, याची नोंद ठेवणारी ही सिस्टीम असते. तिच्यात एका माणसाची एक नोंद असावी अशी अपेक्षा असते.

रावांचं उत्तर हॉस्पिटलच्या मार्केटिंगच्या अनिता मॅडमकडून आमच्या मॅनेजरकडे, सेंदिलकडे आलं आणि त्याच्याकडून तिकीट होऊन माझ्याकडे. तिकीट म्हणजे एक तक्रार, एक नंबर आणि ती कधी मिटवायची त्याची मुदत.

मी आधी प्रेफरन्स पेज तपासलं. प्रत्येक मेलच्या तळाशी बारीक अक्षरात एक लिंक असते. ती उघडली की तुम्हाला काय काय यायला हवं ते निवडता येतं. तपासणीची आठवण, ऑफर, मासिक पत्र, वाढदिवसाच्या शुभेच्छा. नको त्यावरची खूण काढायची आणि सेव्ह करायचं. राव खरं बोलत होते. त्यांनी ते पान अनेकदा उघडून सगळ्या खुणा काढल्या होत्या आणि पानाने दर वेळी ‘आपली निवड नोंदवली आहे, धन्यवाद’ असं उत्तर दिलं होतं.

पानही खरं बोलत होतं. फक्त प्रत्येक वेळी ते वेगळ्या रुक्मिणीबाईंबद्दल बोलत होतं.

आमच्याकडे त्यांच्या बऱ्याच नोंदी होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी नुंगंबाक्कमच्या शाखेने ‘आर. रुक्मिणी बाई’ लिहिलं. हॉस्पिटलच्याच चष्म्याच्या दुकानात ‘रुक्मणी बाई आर.’ झालं. एका शिबिरात तिथल्या तमिळ मुलीने कानाला ऐकू आलं तसं ‘रुक्कुमणी’ लिहिलं. आणखी कुठे नवऱ्याचं नाव शेवटी लावून ‘रुक्मिणी रघुनाथन’. इकडे आडनाव नसतं, इनिशियल असतं, आणि ते पुढे लावायचं की मागे हे लिहिणाऱ्यावर अवलंबून. आमची सिस्टीम नाव आणि मोबाईल नंबर जुळला तरच जुनी नोंद मानायची. स्पेलिंगमध्ये एक अक्षर बदललं की तिच्या लेखी नवा माणूस आला. नव्या माणसाच्या सगळ्या खुणा आपोआप ‘हो’ असतात.

मेलचा पत्ता सगळ्या नोंदींवर एकच होता. मग पत्त्यावरूनच का जुळवत नाही, असं कुणीही विचारेल. कारण त्याच पत्त्यावर खुद्द रावांचीही नोंद होती. आपल्याकडे नवरा-बायकोचा मेल एकच असतो, कधी सगळ्या घराचा एकच असतो. पत्त्यावरून जुळवलं तर नवऱ्याचं ऑपरेशन बायकोच्या नावावर चढेल. म्हणून ते मुद्दाम टाळलेलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

खात्री करण्यासाठी मी रावांच्या मेलखालच्या नंबरवर फोन केला. इंग्रजीत बोलू लागले. मी माझं नाव सांगितलं तसे ते थांबले. मग मराठीत म्हणाले, “तूं महाराष्ट्रांतली होय? मग मराठींतच बोल, मा. घरांत बोलणारं माणूस गेलं.”

त्यांची मराठी मी आधी कधी ऐकली नव्हती. शब्द जुने, वाक्याची चाल तमिळ, आणि शेवटचं ‘मा’ही तमिळ, आपल्या ‘बाळ’सारखं. ते तंजावरकडच्या मराठी घरातले. भूगोलाचे शिक्षक होते, रिटायर होऊन बराच काळ झाला होता. मुलगी होसूरला, तिच्या घरात तमिळ चालतं. रुक्मिणीबाई हृदयविकाराने अचानक गेल्या. त्यांचा आवाज कुठे चढला नाही. कॉम्प्युटर रुक्मिणीबाईंचा, मेलचा पत्ताही त्यांनीच काढलेला, त्यामुळे मेल उघडताना आधीच हात जड होतो, आणि वर तिचंच नाव दिसतं, एवढंच ते म्हणाले.

त्यांच्याकडून मी जन्मतारीख आणि जुना मोबाईल नंबर पडताळून घेतला. संध्याकाळपर्यंत रुक्मिणीबाईंच्या सगळ्या नोंदी एकत्र करून एक केली. याला मर्ज म्हणतात. त्या एका नोंदीवर ‘मृत’ अशी खूण केली आणि तिकीट बंद केलं. अनिता मॅडमना वेगळं कळवलं की हॉस्पिटलच्या मूळ सॉफ्टवेअरमध्येही ही खूण करून घ्या, नाहीतर नोंद परत येईल. शाखांची आणि दुकानाची फाईल रोज आमच्याकडे येते. तिच्यात जे असेल ते आमची सिस्टीम खरं धरते.

शाखेने खूण केली. चष्म्याच्या दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये माणूस मेल्याची खूण करायला जागाच नव्हती. तिथे गिऱ्हाईक होतं, एवढंच. तेव्हा दुकानाच्या पुढच्या फाईलीतून ‘रुक्मणी बाई आर.’ पुन्हा आल्या, सगळ्या खुणा ‘हो’ घेऊन. काही आठवड्यांनी त्यांचा वाढदिवस होता. त्या सकाळी रावांना मेल गेला. ‘प्रिय रुक्मणी, येणारं वर्ष उजळ असो.’ फुगे होते, केक होता.

या वेळी रावांनी थेट हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टरांना पत्र लिहिलं. डॉक्टरांनी त्यावर एकच वाक्य लिहून खाली पाठवलं, की हे आजच्या आज बंद व्हायला हवं.

सेंदिलने मला केबिनमध्ये बोलावलं. अनिता मॅडम फोनवर होत्या. सेंदिल वाईट माणूस नाही. त्याच्या हाताखाली लोक कमी होते आणि या हॉस्पिटलचं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात पुन्हा व्हायचं होतं. तो म्हणाला, पत्ता सप्रेशनमध्ये टाक. सप्रेशन लिस्ट म्हणजे बंदीची यादी. तिच्यात पत्ता गेला की त्या पत्त्यावर आमच्याकडून काहीही जात नाही, मग नोंद कुणाचीही असो, मेल कसलाही असो.

मी म्हटलं, त्याच पत्त्यावर रावांचे स्वतःचे मेल जातात. त्यांना काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने मरत जाते, दुखत नाही, कळत नाही, म्हणून ठरावीक काळाने तपासावं लागतं. तपासणीची आठवण हॉस्पिटल आता मुख्यतः मेलने पाठवतं. मोबाईलवर मेसेज जातो खरा, पण त्यांच्या नोंदीवरचा नंबर रुक्मिणीबाईंचा होता आणि ते कार्ड बंद झालेलं होतं. हे सगळं मी केबिनमध्ये येण्याआधीच पडताळलं होतं. मी म्हटलं, मला थोडा वेळ द्या, दुकानाची फाईल आत येताना तपासणारा नियम लिहिते, म्हणजे फक्त बाईंचे मेल थांबतील.

“किती वेळ?” सेंदिलने विचारलं.

मी म्हटलं, टेस्टिंग धरून दोन आठवडे.

अनिता मॅडम फोनवर म्हणाल्या, पेशंट लिहून देतो आहे की मेल थांबवा, तर थांबवा. मी म्हटलं, पत्नीला जाणारे थांबवा असं लिहिलंय. त्या म्हणाल्या, त्यांच्या तपासणीचं शाखेतून फोन करून सांगू, मी आजच कळवते, तुम्ही पत्ता बंद करा.

मी ते सगळं तिकिटावर लिहिलं. पत्ता पूर्ण बंद, पेशंटला फॉलो-अपसाठी शाखेने फोन करायचा, रावांचा सध्याचा नंबर हा. मग सेंदिलने मंजुरी दिली आणि पत्ता यादीत गेला.

त्यानंतर मी रावांना फोन केला. वाढदिवसाच्या मेलबद्दल माफी मागितली. मग मी सांगितलं की आता हॉस्पिटलकडून कुठलाच मेल येणार नाही, तुमचाही नाही, तुमच्या तपासणीसाठी शाखेतून फोन येईल.

“असकें थांबलं, न?” त्यांनी विचारलं. त्यांच्या बोलीत असकें म्हणजे सगळं.

“हो काका, सगळं.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “फोन येईल तेव्हां जाईन.”

कॉन्ट्रॅक्ट पुन्हा झालं. डुप्लिकेट नोंदींचा नियम लिहायचं काम मी सेंदिलकडे मागत राहिले आणि ते पुढे पुढे ढकललं जात राहिलं. त्याला पैसे कोण देणार, हा प्रश्न होता. उन्हाळा आला. ऑफिसकडे जाणाऱ्या ओएमआर रस्त्यावर मेट्रोचं खोदकाम चालू होतं, ऑफिसला पोचेपर्यंत डोक्यात धूळ जमायची. रावांचा विषय माझ्या मनातून पूर्ण गेला होता असं नाही, पण रोजची तिकिटं असतात.

शेवटी हॉस्पिटलने थोडं काम मंजूर केलं. एका शाखेपुरतं करून दाखवा म्हणाले. मी नुंगंबाक्कम निवडलं. एकाच पत्त्यावर दोन माणसं असलेल्या नोंदी काढल्या आणि एकेक पाहू लागले. राव त्यात असणारच होते. त्यांच्या नोंदीवर ‘पुढची तपासणी’ असा रकाना असतो. त्यातली तारीख कधीच मागे पडली होती. त्यानंतर ते हॉस्पिटलमध्ये आल्याची काही नोंद नव्हती.

मी शाखेत फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की फोन करायच्या लोकांची नावं त्यांना सिस्टीममधून येतात, राव त्यात नाहीत. ती सिस्टीम आमचीच. बंदी घातलेल्या पत्त्यांचे लोक तिच्यातून वगळले जात होते, फोनच्या कामातूनही. ते तसं बांधणाऱ्याने चांगल्या हेतूनेच बांधलं असणार. नको म्हणणाऱ्याला त्रास नको. अनिता मॅडमनी शाखेला कळवलं होतं का, हे मी नंतर विचारलं. कळवलं होतं. ज्याला कळवलं तो मॅनेजर एन्नोरकडच्या शाखेत बदलून गेला होता.

मी रावांना फोन केला. आवाज ओळखून त्यांना आनंद झाला. मी विचारलं, हॉस्पिटलमधून फोन आला होता का. नाही म्हणाले. मग तुम्ही स्वतःहून गेला नाहीत? यावर ते म्हणाले, “तूं म्हणालीस फोन येईल. मीं वाट पाहत होतों.”

डोळ्यांत थेंब घालताय ना, म्हटलं. घालत होते. पण तारखा आणि वेळा रुक्मिणीबाई सांभाळायच्या. कधी सकाळचे राहायचे, कधी संध्याकाळचे. दिसतंय कसं? चष्मा बदलायला झालाय बहुतेक, म्हणाले. पेपरची डावी बाजू फिकट दिसते.

तपासणीला मीच नेते असं त्यांना सांगून दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि त्यांच्या घरी गेले. नुंगंबाक्कमच्या एका आतल्या गल्लीत जुनी बिल्डिंग, पहिला मजला. ते तयार होऊन बसले होते. पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं नेसलेलं धोतर, आणि इस्त्रीचा शर्ट. त्यांनी मला कॉफी दिली. पेला माझ्यापुढे ठेवताना तो टेबलाच्या डाव्या कडेबाहेर ठेवायला निघाले, मी पुढे होऊन धरला. त्यांच्या डाव्या दंडावर काळेनिळे डाग होते, काही जुने, काही ताजे. मी पाहते आहे हे लक्षात आल्यावर ते म्हणाले, गेटचा खांब लागतो, हल्ली खांब पुढे आल्यासारखा वाटतो.

रस्ता ओलांडताना मी त्यांच्या डाव्या बाजूने चालले.

हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीने त्यांचं नाव विचारलं, टाईप केलं आणि सापडत नाही म्हणाली. नवीन नोंद करते, आधार द्या. तिचं बोट बटणावर होतं. मी तिला म्हटलं, ‘रघुनाथ’च्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एक ‘ए’ लावून पाहा. सापडले. ती म्हणाली, आम्हाला कुणी सांगितलंच नाही की आधी शोधायचं असतं, रांग मोठी असते, नवीन नोंद पटकन होते.

तपासण्या झाल्या. दाब मोजला, नजर कडेला किती पोचते ते तपासलं. आत डॉक्टर तरुण होत्या, तमिळमध्ये बोलत होत्या. त्यांनी रावांना समजावून सांगितलं. डाव्या डोळ्याची बरीचशी नजर गेली आहे आणि जी गेली ती परत येत नाही. उजवा अजून वाचवता येईल. दाब उतरवण्यासाठी छोटं ऑपरेशन करू. मग कागदांवर नजर टाकत विचारलं, “मध्ये इतका काळ आला का नाहीत? रिमाइंडर गेले असतील ना?”

रावांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शिक्षक एखाद्या मुलाला उत्तर द्यायची संधी देतो, तसं. मी डॉक्टरांना जे झालं ते सांगितलं. ते ऐकून त्या म्हणाल्या, हे मी फाईलमध्ये लिहिते.

बाहेर बाकावर बसल्यावर मी त्यांच्या मुलीला फोन लावून दिला. ती तमिळमध्ये रडत होती हे मला बाजूला ऐकू येत होतं. ते तिला धीर देत होते. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, “रुक्मिणी असती तर मला हाताला धरून आणली असती. तुमच्या फोनची वाट कोण पाहिली असती?”

आम्ही औषधाच्या खिडकीतून थेंबाच्या बाटल्या घेतल्या आणि रिक्षाने परत आलो.

ऑफिसमध्ये मी तिकीट पुन्हा उघडलं. सेंदिलने सगळं वाचलं. मग म्हणाला, हे क्लायंटला आपणच सांगायचं, त्यांनी शोधून काढायची वाट पाहायची नाही. त्याने सांगितलं, स्वतः, अनिता मॅडम आणि प्रमुख डॉक्टर दोघांसमोर. यात कॉन्ट्रॅक्ट जाऊ शकलं असतं. गेलं नाही, कारण चूक कुठल्या एका ठिकाणी बोट ठेवण्यासारखी नव्हती. दुकान, शाखा, मार्केटिंग, आम्ही, प्रत्येकाने आपलं काम केलं होतं.

हॉस्पिटलने माफीचं पत्र काढलं. अनिता मॅडमनी ते मेलने पाठवलं आणि मला कॉपी ठेवली. माझ्याकडे आलं, रावांकडे गेलं नाही. पत्ता अजून बंदीच्या यादीत होता. मी अनिता मॅडमना फोन करून ते सांगितलं. मग त्या म्हणाल्या, प्रिंट काढून कुणाच्या तरी हाती पाठवते. त्या स्वतः गेल्या असं रावांकडून नंतर कळलं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तो डोळा टिकून आहे. मुलगी आधी येऊन राहिली, मग तिने त्यांना होसूरला नेलं. नुंगंबाक्कमचं घर बंद आहे. तपासणीला ते आता तिकडेच जातात, तेव्हा आमच्या सिस्टीममध्ये त्यांची नोंद आहे, पण वापरात नाही. अधूनमधून फोन येतो. मराठी बोलायला, असं ते स्वतःच सांगतात. तिथे थंड आहे, रस्त्यावर गर्दी कमी आहे. पेपर आता मुलगी वाचून दाखवते, पण ती भराभर वाचते, म्हणाले.

आमच्याकडे बऱ्याच गोष्टी बदलल्या. नवीन नोंद करण्याआधी शोधणं काउंटरवर सक्तीचं झालं. नोंदी जुळवताना जन्मतारीख आणि हॉस्पिटलचा नंबर दोन्ही पाहतात, आणि शंका असली तर माणूस पाहतो, मशीन नाही. चष्म्याच्या दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये मृत्यूची खूण करायला जागा आली. प्रेफरन्स पेजवर आता त्या पत्त्यावरची सगळी नावं दिसतात आणि कुणासाठी काय थांबवायचं ते वेगवेगळं विचारलं जातं. तपासणीची आठवण ऑफरच्या मेलपासून पूर्ण तोडली. हे सगळं मी मागितलेल्या दोन आठवड्यांपेक्षा थोड्या जास्त वेळात झालं.

या कामात नवीन येणाऱ्यांना मी एवढंच शिकवते. कुणी म्हणालं ‘बंद करा’, तर कुणाचं आणि काय, हे त्यालाच विचारा, ते लिहून घ्या, आणि बंद केल्यावर उरलेलं चालू आहे का ते काही दिवसांनी जाऊन बघा. पहिल्या दोन गोष्टी सगळे करतात. तिसरीसाठी तिकीट नसतं.